कॉर्नवॉलमधील पॉल पॅरिश व तेथील कुलशोधनाचीं साधनें

१

मराठ्यांच्या आरमाराचा किंवा मुंबई बेटाचा इतिहास ज्यांनीं चाळला आहे, त्यांस कॅप्टन रिचर्ड केग्विन हें नांव नवें नाहीं. इ. स. १६७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत खांदेरीच्या पाण्यांत शिवाजीमहाराजांच्या आरमाराशीं इंग्रजांची जी झुंज झाली, तींत इंग्रज गलबतांचें नेतृत्व याच गृहस्थाकडे होतें. पुढें २७ डिसेंबर १६८३ रोजीं त्यानेंच ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध मुंबईंत बंड उभारलें, इंग्लंडच्या राजाच्या नांवानें सुमारें अकरा महिने बेटाचा कारभार चालविला, आणि त्या अवधींत संभाजीमहाराजांकडे वकील पाठवून सलोखा केला. नोव्हेंबर १६८४ मध्यें त्यानें मुंबई सर टॉमस ग्रँथम याच्या स्वाधीन केली. १६९० सालीं वेस्ट इंडीजमधील सेंट क्रिस्टोफर बेटावरील चढाईंत तो मारला गेला.

आमच्या इतिहासग्रंथांत हा पुरुष समुद्रांतून वर यावा तसा एकाएकीं येतो आणि तसाच दिसेनासा होतो. तो कोणाचा, कोठला, कोणत्या कुळांतला, याची चौकशी आम्ही सहसा करीत नाहीं. इंग्रज चरित्रकार त्यास इंग्लंडच्या अगदीं नैर्ऋत्य टोंकास असलेल्या कॉर्नवॉल प्रांतांतील पेन्झान्सच्या केग्विन घराण्यांतील मानतात. या घराण्याचें जुनें ठिकाण पेन्झान्सपासून जवळच असलेलें माउझल नांवाचें कोळ्यांचें बंदर होय, आणि माउझल हें पॉल नांवाच्या पॅरिशमध्यें मोडतें. अशा एखाद्या खेडेगांवच्या पॅरिशमध्यें घराण्याचा माग कसा काढतात, कोणतीं साधनें उपलब्ध आहेत, आणि त्यांवर कोठपर्यंत विसंबावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा विचार आहे. दफ्तरांच्या व पोथ्यांच्या संग्राहकांस यांतील बरेंचसें ओळखीचें वाटेल. कारण साधनें निराळीं असलीं, तरी चुका त्याच आहेत.

सर्व विवेचनाचें सार आरंभींच सांगतों. कुलशोधनांत नांव हा पुरावा नव्हे. एका नोंदींतील माणूस व दुसऱ्या नोंदींतील माणूस एकच, हें दाखविणारा दुवा हाच पुरावा होय.

२

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या व एका धर्मगुरूच्या अधिकाराखालीं येणारा गांव-वाड्यांचा समूह. वसईकडील ख्रिस्ती समाज ज्यास धर्मग्राम म्हणतो, तोच हा. इंग्लंडांत मात्र पॅरिश हा केवळ धर्माचा विभाग नव्हता. गरिबांस पोसणें, रस्ते दुरुस्त ठेवणें, परक्या माणसास गांवांत राहूं द्यावें कीं घालवून द्यावें हें ठरविणें, हीं कामेंही शेंकडों वर्षें पॅरिशकडेच होतीं. यामुळें एका पॅरिशचे कागद म्हणजे चर्चच्या वह्या व गांवच्या कारभाराचें दफ्तर असे दोन्ही मिळून होत.

या वह्यांचा आरंभ इ. स. १५३८ मध्यें झाला. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें त्या सालीं प्रत्येक पॅरिशनें बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. आरंभीं पुष्कळ ठिकाणीं या नोंदी कागदावर होत्या. १५९८ मध्यें त्या चर्मपत्राच्या वहींत उतरून काढाव्या, व त्यांची एक नक्कल दरसाल बिशपकडे पाठवावी, असें ठरलें. जुन्या नोंदी उतरतांना एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, नोंदींवर विशेष भर होता. म्हणून अनेक वह्या १५३८ ऐवजीं १५५८ पासून सुरू झालेल्या दिसतात. शिवाय ज्या वहीस आपण मूळ समजतों, ती आरंभीचीं साठ वर्षें प्रत्यक्षांत नक्कलच असते. नक्कल करणाऱ्यानें किती गाळलें व किती चुकीचें वाचलें, हें त्या वहीवरून कळत नाहीं.

बिशपकडे गेलेल्या नकलांचा उपयोग येथेंच होतो. कॉर्नवॉल १८७६ पर्यंत एक्झेटरच्या बिशपच्या अधिकारांत होतें. त्या सालीं ट्रूरो येथें स्वतंत्र पीठ निर्माण झालें. म्हणून कॉर्नवॉलच्या पॅरिशांच्या जुन्या नकला शोधतांना शेजारच्या डेव्हन प्रांतांतील दफ्तरांकडेही नजर ठेवावी लागते. या नकला सलग नाहींत. पण मूळ वहीस कसर लागली असेल, पान फाटलें असेल, किंवा अक्षर पुसट झालें असेल, तेथें त्यांच्यासारखा दुसरा साक्षीदार नाहीं.

३

पॉलच्या वहीचा आरंभ या सर्वांहून निराळा व विदारक आहे. ती १५९५ मध्यें सुरू होते, आणि त्याचें कारण तीच सांगते. त्या वर्षीं २३ जुलै रोजीं चार स्पॅनिश गॅली माउझलच्या किनाऱ्यास लागल्या. स्पॅनिश शिपायांनीं माउझल जाळलें, टेंकडीवरील पॉलचें चर्च जाळलें, आणि न्यूलिन व पेन्झान्स यांसही आगी लावल्या. चर्चबरोबर पूर्वींच्या नोंदीही गेल्या. नव्या वहीच्या आरंभीं या जाळपोळीची नोंद आहे, आणि पहिल्याच दफनांत स्पॅनिश लोकांकडून मारल्या गेलेल्या जेंकिन केग्विनचें नांव आहे. आमच्या मुंबईच्या केग्विनचें घराणें या वहींत असें पहिल्याच पानाशीं भेटतें. माउझलमध्यें केग्विनांचें जुनें दगडी घर अद्यापि उभें असून, त्या आगींतून तेवढेंच वांचलें अशी परंपरा आहे.

कुलशोधकानें यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, १५९५ पूर्वीं पॉलमध्यें एखादें घराणें नव्हतें असें वहीवरून म्हणतां येत नाहीं. नोंद नाहीं याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, वहीच्या आरंभीं जो पुरुष प्रथम दिसतो त्यास कुळाचा मूळ पुरुष ठरविण्याचा मोह होतो, तो आवरावा. वही जेथें सुरू होते तेथें कूळ सुरू होत नाहीं. ज्यांच्या गांवचें दफ्तर आगींत किंवा लुटींत गेलें आहे, अशा आमच्या अनेक वतनदार घराण्यांच्या वंशावळींत हीच चूक झालेली आढळते.

४

तारखांविषयीं येथें थोडें लिहिणें अवश्य आहे. इंग्लंडांत १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग चालू होतें. स्पेनमध्यें ग्रेगोरियन पंचांग १५८२ पासूनच सुरू झालें होतें. म्हणून पॉलची जाळपोळ इंग्रज कागदांत २३ जुलैस, तर नव्या पंचांगाप्रमाणें २ ऑगस्टास पडते. घटना एकच आहे, मात्र दोन तारखा पाहून दोन स्वाऱ्या मानणारा संशोधक निघूं शकतो.

याहून घातक फरक वर्षारंभाचा आहे. १७५२ पूर्वीं इंग्लंडचें कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. यामुळें वहींत '१० फेब्रुवारी १६८३' असें लिहिलें असेल, तर आजच्या गणनेनें तें १६८४ होय. हा भेद न ओळखल्यास, मे १६८३ मध्यें ज्यांचा विवाह झाला त्यांचें मूल '१६८३ च्या फेब्रुवारींत', म्हणजे विवाहापूर्वीं तीन महिने, बाप्तिस्मा पावलेलें दिसतें, आणि एका निर्दोष घराण्यावर नसता डाग येतो. १७५२ मध्यें २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून पंचांग जुळविण्यांत आलें, तेव्हांपासून हा घोटाळा संपला. मुंबई व सुरत येथील इंग्रजी वखारींच्या पत्रांनाही हाच नियम लागू असल्यामुळें आमच्या वाचकांस तो ठाऊक असेल. केग्विनच्या अमलांतील जानेवारी ते मार्च १६८४ मधील कागद याच कारणानें १६८३ चे म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो.

५

आतां नांवांकडे वळूं. कॉर्नवॉलच्या लोकांची पूर्वीं स्वतंत्र भाषा होती. ती वेल्श व ब्रिटनी प्रांताची ब्रेटन यांची बहीण. तेथील आडनांवें बहुधा स्थळवाचक असून त्यांत या भाषेचे शब्द आहेत. 'ट्रे' म्हणजे वस्ती किंवा वाडी, 'पेन' म्हणजे शीर किंवा टोंक, 'पोल' म्हणजे तळें. 'पेंट्रीथ' म्हणजे वाळवंटाचें टोंक, आणि 'ट्रेवारव्हेनेथ', जें पॉलमधील एका जुन्या घराचें नांव आहे, म्हणजे टेंकडीवरची वाडी.

१६०२ मध्यें रिचर्ड कॅर्यू यानें कॉर्नवॉलचें वर्णन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तो सांगतो कीं, तेथील सामान्य लोक माणसाचें स्वतःचें नांव, मग बापाचें नांव, व शेवटीं राहत्या ठिकाणाचें नांव, अशी ओळख देतात. पेंडार्व्हिस येथें राहणारा, टॉमसचा मुलगा जॉन, हा 'जॉन टॉमस पेंडार्व्हिस' होतो. महाराष्ट्रीय वाचकास हें वाचतांना हंसूं येईल, कारण ही सर्वस्वीं आमचीच तऱ्हा आहे. पण तिचा परिणाम गंभीर आहे. जॉन टॉमस दुसऱ्या वाडीवर गेला, तर त्याचें शेवटलें नांव बदलतें. त्याच्या मुलाचें मधलें नांव तर बदलतेंच. एकाच पुरुषाचे दोन मुलगे दोन वाड्यांवर राहिले, तर त्यांच्यापासून दोन आडनांवें चालूं शकतात. उलट टॉमस, विल्यम्स, रिचर्ड्स, हॅरिस, जेम्स अशीं बापाच्या नांवावरून स्थिर झालेलीं आडनांवें एका गांवांत अनेक असंबद्ध घरांची असूं शकतात. वह्यांतून 'अमुक ऊर्फ तमुक' अशा ज्या नोंदी सांपडतात, त्या या संक्रमणकाळाच्या खुणा आहेत. तशी नोंद मिळाली तर ती सोडूं नये. एका 'ऊर्फ'नें शंभर वर्षांचा तुटलेला धागा जुळूं शकतो.

याच्या जोडीला नांव ठेवण्याची रीत. थोरल्या मुलास आजोबाचें नांव देण्याचा प्रघात असल्यानें चार भावांच्या घरीं चार सारखे जॉन उत्पन्न होतात. लहानपणीं एक मूल दगावलें, तर पुढच्या मुलास तेंच नांव देत. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद मिळतांच थांबूं नये. तें मूल लहानपणींच पुरलें गेलें काय, हें दफनांच्या नोंदींत पाहावें. जिवंत राहिलेल्यांची वंशावळ मृत बालकाच्या बाप्तिस्म्यावर उभारलेली असणें, ही या शास्त्रांतील फार वारंवार होणारी चूक आहे.

६

पॉल पॅरिशमधील एका प्रसिद्ध व्यक्तीचें उदाहरण घेतल्यास वरील सर्व नियम एके ठिकाणीं दिसतील. डॉली पेंट्रीथ ही माउझलची मासे विकणारी बाई. कॉर्निश भाषा बोलणारी शेवटली व्यक्ति म्हणून तिची ख्याति आहे. १७६८ मध्यें डेन्स बॅरिंग्टन हा विद्वान् तिला शोधीत माउझल येथें गेला, आणि पुढें त्यानें लंडनच्या पुराणवस्तुसंशोधकांच्या मंडळापुढें तिची हकीकत मांडली. ती १७७७ च्या डिसेंबरांत वारली. १८६० मध्यें प्रिन्स लुई लुसियन बोनापार्ट यानें पॉलच्या धर्मगुरूच्या सहकार्यानें तिचें स्मारक उभारलें. १८८७ मध्यें तें स्मारक तिच्या मूळ थडग्याच्या जागीं हलविण्यांत आलें.

आतां ही बाई वहींत शोधूं. तिच्या नांवें रचलेल्या कॉर्निश भाषेंतील एका मृत्युलेखांत तिचें वय १०२ वर्षें सांगितलें आहे. त्यावर विश्वास ठेवून १६७५ च्या सुमारास तिचा जन्म शोधूं लागलों, तर शोध चुकीच्या जागीं चालेल. पॉलच्या वहींत निकोलस पेंट्रीथची मुलगी डॉरोथी हिचा बाप्तिस्मा १६ मे १६९२ रोजीं झाल्याची नोंद आहे. डॉली हें डॉरोथीचें घरगुती रूप. ही नोंद तिचीच मानल्यास मृत्युसमयीं ती पंचाऐशी वर्षांची होती, एकशेंदोन वर्षांची नव्हे. म्हाताऱ्या माणसांचीं वयें लोकांच्या तोंडीं वाढत जातात, आणि जो मनुष्य कशाचा तरी 'शेवटला' म्हणून गाजतो त्याचें वय तर फारच झपाट्यानें वाढतें.

पण दफनाच्या वहींत डॉली पेंट्रीथ सांपडतच नाहीं. २७ डिसेंबर १७७७ रोजीं जिचें दफन झालें, तिचें नांव 'डॉली जेफरी' असें लिहिलें आहे. यावरून मागील लेखकांत मतभेद झाले. कोणी जेफरी हें नवऱ्याचें आडनांव मानलें, कोणी तेंच जन्माचें आडनांव व पेंट्रीथ हें सासरचें असें धरलें. दुसरा पक्ष बाप्तिस्म्याच्या नोंदीपुढें टिकत नाहीं. पहिल्या पक्षासही अडचण आहे. १७२९ मध्यें तिला झालेला मुलगा जॉन हा जेफरी नव्हे, पेंट्रीथ म्हणूनच ओळखला जाई, आणि ती अविवाहित होती असें आधुनिक चरित्रकार मानतात. तेव्हां केवळ नांव पाहणारा शोधक या बाईचें दफन ओलांडून पुढें गेला असता, किंवा दुसऱ्याच एखाद्या पेंट्रीथच्या दफनावर थांबला असता. डॉली जेफरी ही डॉली पेंट्रीथच, हें ठरतें तें गांव, मृत्यूचा महिना व तत्कालीन माणसांची साक्ष, या तीन गोष्टी एकत्र मिळतात म्हणून. येथें नांव विरुद्ध होतें आणि दुवे अनुकूल होते. निर्णय दुव्यांनींच केला.

एवढ्या गाजलेल्या, विद्वानांनीं प्रत्यक्ष भेटून वर्णिलेल्या व्यक्तीची ही स्थिति असेल, तर जिच्याकडे कोणी विद्वान् कधीं गेला नाहीं अशा कोळ्याच्या किंवा खाणमजुराच्या बायकोची काय कथा!

७

दुवे पुरविणारीं इतर साधनें पुढीलप्रमाणें आहेत.

पहिलें साधन म्हणजे तीन हयातींचे पट्टे. कॉर्नवॉल व शेजारच्या प्रांतांत जमीनदार आपली जमीन किंवा घर नव्याण्णव वर्षांच्या मुदतीनें देत. पण त्यांत अट अशी असे कीं, पट्ट्यांत नांवानें लिहिलेल्या तीन माणसांपैकीं शेवटला मरतांच पट्टा संपावा. हे तिघे बहुधा पट्टेदार स्वतः, त्याची बायको व मूल, किंवा त्याचीं तीन मुलें असत. एक हयात संपली कीं नजराणा भरून तिच्या जागीं नवें नांव घालीत. त्यामुळें एका शेताच्या पट्ट्यांची मालिका हातीं आली, तर तींत तीन-चार पिढ्या नात्यासह उलगडतात. कोण केव्हां मेला हें जाणण्यांत जमीनदाराचा पैशाचा स्वार्थ होता, म्हणून ही साक्ष विशेष भरंवशाची. आमच्याकडील वतनाच्या तंट्यांतील करीने व महजर यांचें मोल आपण ज्या कारणानें मानतों, तेंच कारण येथेंही आहे. जेथें हक्काचा प्रश्न असतो तेथें नातें काळजीपूर्वक लिहिलें जातें.

दुसरें साधन मृत्युपत्रांचें. १८५८ च्या जानेवारीपर्यंत मृत्युपत्रें धर्मन्यायालयांत शाबीत होत. यांपैकीं एक्झेटर येथें ठेवलेलीं १९४२ च्या मे महिन्यांतील जर्मन बाँबहल्ल्यांत जळून गेलीं. तथापि कॉर्नवॉलच्या आर्चडीकनच्या न्यायालयाचीं मृत्युपत्रें निराळ्या ठिकाणीं असल्यामुळें वांचलीं, आणि सामान्य शेतकऱ्याचीं व कोळ्याचीं मृत्युपत्रें बहुधा यांतच असतात. जांवई, नातवंडें व बहिणींचीं सासरचीं नांवें यांतून कळतात.

तिसरें, नांवांच्या याद्या. १६४१-४२ मध्यें पार्लमेंटच्या हुकुमानें अठरा वर्षांवरील पुरुषांकडून धर्म व राजा यांच्या निष्ठेची शपथ घेवविली गेली. तिच्या याद्या कॉर्नवॉलपुरत्या पुष्कळच सुरक्षित राहिल्या आहेत. नंतर लगेच यादवी युद्ध सुरू झालें, आणि १६५३ च्या कायद्यानें विवाह लावण्याचें काम धर्मगुरूंकडून काढून न्यायाधिकाऱ्यांकडे देण्यांत आलें. त्या वर्षांत अनेक वह्या विस्कळीत किंवा रिकाम्या आहेत, त्यांच्या आधींचा गांव पाहण्यास या याद्या फार उपयोगी पडतात.

चौथें, गरिबांचे कागद. १६६२ च्या कायद्यानें निराधार माणसास त्याच्या हक्काच्या पॅरिशकडे परत पाठविण्याची व्यवस्था केली. तसें करण्यापूर्वीं त्याची जबानी घेत. ज्याच्या नांवें एक विघा जमीन नव्हती, त्याचा जन्म, चाकरी, विवाह व मुलें यांची हकीकत अशा जबानींत मिळते. श्रीमंताचा इतिहास पट्ट्यांत व दरिद्र्याचा इतिहास जबानींत सांपडतो. अडचण होते ती मधल्या माणसाची.

पांचवें, अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील सरकारी कामें. १७५४ पासून हार्डविकच्या कायद्यानें विवाहांची नोंद सह्यांसह होऊं लागली. १८१३ पासून छापील नमुन्यावर बापाचा धंदा व राहण्याचें ठिकाण येऊं लागलें. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्युनोंदणी सुरू झाली. १८३६ च्या कायद्यानें धर्मदशांशाचें रूपांतर रोख रकमेंत करतांना बहुतेक पॅरिशांचे नकाशे झाले, व त्यांच्या तक्त्यांत शेताचें नांव, मालक, वहिवाटदार व क्षेत्रफळ हीं लिहिलेलीं आहेत. खानेसुमारींत १८४१ सालीं पंधरा वर्षांवरील वयें पांचाच्या पटींत खालीं उतरवून लिहिलीं आहेत, हें विसरूं नये. सदतीस वर्षांचा मनुष्य तींत पस्तीस होतो. १८५१ पासून जन्माचा पॅरिश व घरांतील नातें हीं कळूं लागतात.

८

पॉलसारख्या पॅरिशमध्यें आणखी एक पेंच आहे. जॉन वेस्ली १७४३ मध्यें प्रथम कॉर्नवॉलांत आला, आणि त्याचा मेथडिस्ट पंथ खाणमजूर व कोळी यांच्यांत वेगानें पसरला. पुढें या पंथीयांनीं मुलांचे बाप्तिस्मे आपल्या प्रार्थनामंदिरांत करावयास आरंभ केला, पण विवाह १८३७ पर्यंत पॅरिश चर्चमध्येंच करावे लागत, आणि प्रेतें बहुधा तेथल्याच आवारांत पुरलीं जात. म्हणून एखाद्या घरचे विवाह व दफनें वहींत आहेत, पण मुलें नाहींत, असें दिसलें तर तें निपुत्रिक ठरवूं नये. मेथडिस्ट वह्या एकेका गांवच्या नसून अनेक गांवांच्या मंडलांच्या असतात, त्या पाहाव्या.

शेवटीं परदेशगमन. १८६६ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळून कॉर्नवॉलच्या खाणी बंद पडूं लागल्या. त्यापूर्वींही मेक्सिको, मिशिगन व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथील खाणींकडे तेथील लोक जात होते. आतां त्यांचा लोंढाच लागला. कांहीं आमच्या देशांत म्हैसूरकडील कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही आले. ज्याचा बाप्तिस्मा कॉर्नवॉलच्या खेड्यांत झाला त्याचें दफन कोलारच्या मातींत आढळावें, यांत नवल नाहीं. हिंदुस्थानांतील तीनही इलाख्यांतील युरोपियनांचे बाप्तिस्मे, विवाह व दफनें यांच्या नकला लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरांत आहेत. पॅरिशची वही जेथें गप्प होते, तेथें पुढची ओळ अशा दूरच्या दफ्तरांत असूं शकते.

हे सर्व कागद पाहण्याची सोय आज पूर्वींपेक्षां पुष्कळ चांगली आहे. १९७८ च्या नियमानें जुन्या वह्या चर्चमधून प्रांतिक दफ्तरखान्यांत आल्या. कॉर्नवॉलचें दफ्तर २०१९ पासून रेडरूथ येथें एका जुन्या मद्याच्या कारखान्याच्या इमारतींत उघडलेल्या 'क्रेसेन केर्नो' या संस्थेंत आहे. या नांवाचा अर्थ कॉर्नवॉलचें केंद्र असा होतो. ट्रूरो येथील रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ कॉर्नवॉल या १८१८ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेचा संग्रहही मोठा आहे. अनेक वह्यांचे उतारे स्थानिक हौशी अभ्यासकांनीं तयार केले असून ते घरबसल्या पाहतां येतात. परंतु उतारा हा सूचक असतो, साक्षीदार नव्हे. उताऱ्यांत सांपडलेली प्रत्येक महत्त्वाची नोंद मूळ पानाच्या प्रतिमेशीं ताडून पाहावी, आणि त्याच पानावरील वरच्या-खालच्या नोंदीही वाचाव्या. आपल्याला हवा असलेला जॉन सूचींत एकच असतो, पानावर कित्येकदां दोन निघतात.

९

आतां पुनः कॅप्टन केग्विनकडे येऊं. पॉलच्या वहींत केग्विन पुष्कळ आहेत. त्यांत एखादा रिचर्ड दिसला, तर तोच खांदेरीचा कप्तान असें म्हणण्याचा मोह आवरणें कठीण आहे. परंतु त्याचा बाप पेन्झान्सचा समजला जातो, आणि पेन्झान्स त्या काळीं पॉलमध्यें नव्हतें. तें शेजारच्या मॅड्रन पॅरिशमध्यें मोडत असे. म्हणजे ज्या वहींत त्याच्या कुळाचें रक्त सांडलेलें लिहिलें आहे, तींत त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा असण्याचें कारण नाहीं. मॅड्रन व पॉल या दोन्ही पॅरिशांच्या वह्या, त्यांच्या बिशपकडील नकला, केग्विनांचे जमिनीचे पट्टे व मृत्युपत्रें, आणि मुंबई व सेंट हेलेना येथील कंपनीचे कागद हे समोरासमोर ठेवूनच जेंकिनपासून रिचर्डपर्यंतची सांखळी कडी-कडीनें तपासली पाहिजे. एखादी कडी न मिळाल्यास वंशावळींत तेथें जागा रिकामी ठेवावी.

ही रिकामी जागा ठेवण्याचें धैर्य हेंच कुलशोधनांतील खरें कसोटीचें स्थान होय. चुकीनें जोडलेला पूर्वज म्हणजे केवळ आपल्या कुळांत भरलेलें एक खोटें नांव नव्हे. तो दुसऱ्या कोणाचा तरी पूर्वज असतो, आणि आपण त्याला त्याच्या वंशजांपासून हिरावून घेतलेलें असतें. छापलेल्या वंशावळीवरून पुढचा लेखक नक्कल करतो, त्यावरून तिसरा, आणि दोन पिढ्यांनीं ती चूक परंपरा म्हणून मिरवूं लागते. डॉली पेंट्रीथचीं एकशेंदोन वर्षें अशींच मिरवलीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं मुंबई, सुरत किंवा राजापूर येथील इंग्रजांशीं झालेल्या व्यवहाराचे मराठी कागद असतील, त्यांनीं त्यांतील 'टोपीकर' म्हणून एकवट गणलेल्या माणसांचीं नांवें, मोडीच्या वळणानें कितीही बदललेलीं असलीं तरी, जशींच्या तशीं उतरून ठेवावीं अशी आमची विनंति आहे. त्यांतील एखादें नांव पॉलच्या किंवा मॅड्रनच्या वहींतील एखाद्या कोळ्याच्या मुलाचें असेल. त्या दोन ओळी आज एकमेकींस अनोळखी आहेत. त्यांची ओळख पटविण्याचें काम नांवाच्या सारखेपणावर न सोडतां, दुव्यांच्या साक्षीनें करावें, एवढेंच येथें सांगणें होतें.